आशा, समाधान आणि मराठवाड्यातील ख्रिस्ती माणूस

अर्थशास्त्राच्या वर्गात 'अपेक्षा' हा शब्द आम्ही प्राध्यापक मंडळी दिवसातून दहा वेळा उच्चारतो. भाववाढीची अपेक्षा, नफ्याची अपेक्षा, हंगामाची अपेक्षा. अपेक्षेला आकडा लावता येतो. तिच्या पायावर व्याज, विमा आणि वायदेबाजार उभे राहू शकतात. 'आशा' हा शब्द मात्र आमच्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. फ्रँक नाइट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये जोखीम आणि अनिश्चितता यांतील भेद स्पष्ट केला. जिची शक्यता मोजता येते ती जोखीम. जिची मोजताच येत नाही ती अनिश्चितता. पुढे १९३६ मध्ये केन्सने असे प्रतिपादन केले की, कारखाना काढणारा माणूससुद्धा केवळ गणित मांडून तो काढीत नाही. गणित संपल्यावर मनात जी उभारी शिल्लक राहते तिच्या बळावर तो भांडवल गुंतवितो. कारखानदाराची ही कथा, तर ज्याच्या शेताला पाटाचे पाणी नाही आणि ज्याच्या घरात महिन्याचा पगार येत नाही, अशा मराठवाड्यातील माणसाने कोणत्या बळावर पेरणी करावी, मुलाला शाळेत घालावे, किंवा नुसते उद्याच्या दिवसासाठी उठावे?

हा प्रश्न अलंकारिक नाही. १९७२ च्या दुष्काळात येथील माणसे खडी फोडीत होती. १९९३ मध्ये किल्लारी-सास्तूरची भूमी हादरली. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच मराठवाड्यातील पिके अतिवृष्टीने वाहून गेली. अशा प्रदेशात आशा ही चैनीची वस्तू मानता येणार नाही. ती खतासारखी, बियाण्यासारखी एक निविष्टा आहे. फरक इतकाच की ती कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळत नाही.

आशेचा विचार अर्थशास्त्रापेक्षा धर्मांनी अधिक केलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. नांदेडच्या गुरुद्वारात रोजच्या अरदासीत 'चढदी कला' हा शब्द उच्चारला जातो; पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याला तर आशेची व्याख्या विचारण्याचे धाडस कोणी करू नये. परंतु या लेखात विचार करावयाचा आहे तो ख्रिस्ती आशेचा. त्या धर्मात विश्वास आणि प्रीती यांच्या जोडीने आशेला मूलभूत सद्‌गुणाचे स्थान दिलेले आहे. आशा हा स्वभाव किंवा मनाचा कल नसून तो अंगी बाणविण्याचा गुण आहे, अशी ही कल्पना आहे. प्रस्तुत लेखक ख्रिस्ती नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एकूण लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडे कमी आहेत, आणि नांदेड-लातूर भागात तर त्याहून कितीतरी विरळ. त्यांच्याविषयी येथील बहुसंख्य समाजाला दोनच गोष्टी ठाऊक असतात: दवाखान्यातील परिचारिका आणि नाताळचा तारा. एवढ्या थोड्या लोकांची श्रद्धा चर्चेचा विषय का व्हावी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, आशेमुळे गरीब माणूस उभा राहतो की निमूटपणे बसून राहतो, हा सर्वांचाच प्रश्न आहे. आणि त्याची कसोटी या लहानशा समाजाच्या इतिहासात जितकी स्पष्ट दिसते तितकी अन्यत्र क्वचितच दिसते.

बायबलच्या जुन्या करारात यिर्मया नावाच्या संदेष्ट्याची एक हकीगत आहे. अर्थशास्त्राच्या शिक्षकाने ती आवर्जून वाचावी. बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमला वेढा दिलेला आहे. नगर पडणार, हे यिर्मया स्वतःच वर्षानुवर्षे सांगत आलेला आहे, आणि त्यापायीच तो राजाच्या पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि अनाथोथ गावातले आपले शेत विकत घे म्हणतो. ज्या जमिनीवर उद्या शत्रूचे राज्य येणार तिची बाजारातील किंमत काय असणार? तरी यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांसमक्ष खरेदीखत करतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी ठेवतो, आणि ती दोन्ही खते पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून मातीच्या भांड्यात घालून ठेवण्यास लेखनिकाला सांगतो. कारण या भूमीत घरांची आणि शेतांची खरेदी पुन्हा एक दिवस होईल, असा त्याचा भरवसा आहे.

या गोष्टीतील लक्षणीय भाग तिच्यातील चमत्कार नव्हे, कारण तिच्यात चमत्कार नाहीच. नगर ठरल्याप्रमाणे पडले. लक्षणीय आहे ते खरेदीखत. यिर्मयाची अपेक्षा आणि यिर्मयाची आशा परस्परविरुद्ध दिशांना तोंड करून उभ्या आहेत, आणि तो पैसे गुंतवितो ते आशेच्या बाजूला, तेही तोलून, लिहून, साक्षी घेऊन. आपल्याकडे दुष्काळाच्या वर्षी जमिनी विकणारे पुष्कळ असतात आणि घेणारा बहुधा सावकार असतो. त्या व्यवहाराशी हा व्यवहार ताडून पाहावा, म्हणजे आशा या शब्दाचा अर्थ थोडा उलगडतो.

पण येथेच एक आक्षेप उभा राहतो, आणि तो हलका नाही. धर्म ही अफू आहे हे मार्क्सचे वाक्य आपल्याकडे इतके वापरून गुळगुळीत झाले आहे की त्याने आता कोणी दचकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीविषयी जे लिहून ठेवले आहे, ते मात्र आजही बोचते. ते लेखन त्यांच्या इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, अस्पृश्य ख्रिस्ती झाला तरी जात चर्चमध्येही त्याच्या पाठोपाठ आली. आणि ख्रिस्ती झालेला समाज आपल्यावरील अन्यायाविरुद्ध संघटितपणे लढला नाही. माणसाच्या दुर्दशेचे मूळ त्याच्या स्वतःच्या पापात आहे असे ज्याला शिकविले जाते, त्याला समाजव्यवस्थेत दोष दिसेनासा होतो. म्हणजे आशेच्या नावाखाली त्याला मिळते ते समाधान. आणि दारिद्र्यातील समाधान हे शोषण करणाऱ्याच्या फायद्याचे असते, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हा आक्षेप पुढ्यात ठेवूनच पुढील विवेचन केले पाहिजे.

मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांपैकी बहुसंख्य ही पूर्वी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतून आलेली आहेत. निझामी राज्यातील मिशनांचे काम जालना येथे नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केले. बीदरकडून मेथडिस्ट मिशन आले. त्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनांनी अन्नछत्रे आणि अनाथालये चालविली, हे खरे. आणि म्हणून 'पोटासाठी बाटले' हा शेरा या लोकांच्या कपाळी कायमचा मारला गेला. हा शेरा अर्थशास्त्राच्या साध्या नियमाने तपासून पाहू. सॅम्युअलसनने १९३८ मध्ये मांडलेला 'प्रकट पसंती'चा सिद्धान्त असे सांगतो की, माणसाला काय हवे आहे हे त्याच्या बोलण्यावरून ठरवू नये. किंमत मोजून तो काय निवडतो, यावरून ठरवावे. दुष्काळात भाकरीसाठी कोणी चर्चमध्ये गेला असे क्षणभर गृहीत धरू. दुष्काळ संपला, भाकरी अन्यत्र मिळू लागली. तरी तो तिथेच राहिला. त्याचा मुलगा राहिला, नातू राहिला. एवढेच नव्हे, तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने गणित पूर्ण उलटले. अनुसूचित जातीचा दर्जा त्या आदेशाने हिंदूंपुरता मर्यादित केला. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना आजतागायत मिळालेला नाही. महाराष्ट्रात त्यांना इतर मागास वर्गात स्थान आहे, पण अनुसूचित जातींसाठी असलेल्या राखीव जागा त्यांना नाहीत आणि अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही नाही. म्हणजे गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे भाकरी चर्चच्या बाहेर आहे. पोटासाठी गेलेला माणूस पोटासाठीच परत यावयास हवा होता.

काही परत आलेही. काहींनी कागदावर एक आणि रविवारी एक अशी तडजोड केली. त्यांना दोष देण्याचा अधिकार ज्यांना कधी दाखल्याची गरज पडली नाही त्यांना नाही. पण काहींनी ती केली नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात लातूर जिल्ह्यातील एक मुलगा होता. वडील मोंढ्यात हमाली करीत, आई एका दवाखान्यात आया होती. शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, धर्माच्या रकान्यात काय लिहू?" घरच्या जुन्या कागदांवर 'हिंदू' आणि जात लिहिलेली होती; आजोबांच्या काळापासून कुटुंब मात्र ख्रिस्ती होते. मी त्याला दोन्ही पर्यायांचे परिणाम समजावून सांगितले आणि घरी विचारण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी तो आला. "आई म्हणाली, खोटं लिहून मिळालेल्या पैशानं शिकायचं असेल तर शिकू नको." इतर मागास वर्गाचा दाखला मिळेपर्यंत ते वर्ष निघून गेले. त्या वर्षीचे शुल्क आईने कानांतील फुले गहाण टाकून भरले. त्या बाईंचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले होते. सॅम्युअलसनचा सिद्धान्त शिकविताना पुस्तकातील चहा-कॉफीचे उदाहरण देणे त्यानंतर मला जड जाऊ लागले.

या बाईंना कोणी समाधानी म्हणेल काय? मुलाने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. आणि जे आपण आहोत ते लपवून शिकता कामा नये, हाही हट्टच होता. मला वाटते, आंबेडकरांच्या आक्षेपाचे उत्तर मिळायचे असेल तर ते प्रवचनांत शोधण्यापेक्षा अशा हट्टांत शोधावे लागेल.

महाराष्ट्राच्या इतिहासात असे हट्टी ख्रिस्ती लोक थोडे नाहीत. पंडिता रमाबाईंचे उदाहरण सर्वपरिचित आहे; पण त्यांचे अर्थकारण फारसे कोणी पाहिलेले नाही. किशोरवयात दुष्काळाने त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण नेली. पोटात अन्न नसताना तीर्थक्षेत्रे पायी हिंडण्याचा अनुभव त्यांच्या पाठीशी होता. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढल्यानंतर काही वर्षांनी त्यांनी पुणे जिल्ह्यात केडगाव येथे जमीन विकत घेतली. केडगाव म्हणजे काही कोकण नव्हे. तिथे आधी विहिरी खणाव्या लागल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्या शेकडो मुली घेऊन आल्या, आणि त्या मुलींच्या हाती प्रार्थनापुस्तकाबरोबर माग, छापखाना, तेलघाणी, शेती आणि गुरेढोरे दिली. अंध मुलींसाठी ब्रेल आणले. यिर्मयाचे शेत आणि केडगावचे शेत यांत मला फरक दिसत नाही. त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी पुढे निझामी राज्यातच, गुलबर्ग्याला, मुलींची शाळा काढली. मराठवाडा त्या वेळी त्याच राज्याचा भाग होता, आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत अंधारातच होता.

लक्ष्मीबाई टिळकांविषयी एवढेच म्हणतो की, 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ख्रिस्ती आशा हा सिद्धान्त म्हणून भेटत नाही. ती भेटते नवऱ्याने दुसऱ्याला देऊन टाकलेल्या पैशांचा हिशेब जुळवताना, प्लेगच्या छावणीत रोग्यांच्या उशाशी बसताना. सोवळे-ओवळे सोडण्याचा निश्चय त्यांनी बाप्तिस्मा घेण्यापूर्वीच केला होता, ही गोष्ट धर्मोपदेशकांनी आणि धर्मविरोधकांनीही लक्षात ठेवण्याजोगी आहे. आणि विनोद! आशा आणि विनोद यांचे इतके सख्य मराठीत दुसरीकडे मला तरी दिसलेले नाही.

परंतु प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण जामखेडचे आहे. जामखेड तालुका नगर जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधला. पण बीडच्या सीमेला लागून असल्याने माती, पाऊस आणि दारिद्र्य या तिन्ही बाबतींत तो मराठवाड्याचाच भाऊ. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये तिथे आले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले, सार्वजनिक आरोग्याचे पुढील शिक्षण अमेरिकेत झालेले. आयुष्य खेड्यातील गरिबांसाठी घालवावयाचे, असा संकल्प त्यांनी विवाहाच्या वेळी केला होता. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू झाले. लोकांना काय हवे आहे असे विचारल्यावर लोकांनी औषध मागितले नाही. अन्न आणि पाणी मागितले. दोघेही तेव्हा नामांकित विद्यापीठांतून नुकतेच परतलेले होते. त्या विद्येचा मान राखण्यासाठी त्यांनी आधी औषधच द्यायला हवे होते, असे कोणालाही वाटले असते. त्यांनी मात्र लोकांचे ऐकले.

दुष्काळ आला तेव्हा कूपनलिका खोदण्याचे काम निघाले. येथे एक लहानशी गोष्ट घडली, आणि माझ्या मते साऱ्या प्रकल्पाचे मर्म तिच्यात आहे. कूपनलिका शक्यतो दलित वस्तीत किंवा तिच्या लगत घेतल्या गेल्या. पाणी हवे असेल तर सवर्णांच्या बायकांनी तिथे यावे. भाषण नाही, मोर्चा नाही, धर्मांतराचा तर प्रश्नच नाही. केवळ खोदकामाची जागा. तहान ही जातीपेक्षा जुनी असल्यामुळे लोक आले. ज्या गावात शतकानुशतके दलित बाई विहिरीपासून दूर ओंजळ पसरून उभी राहत आली, त्या गावात पंपाचा दांडा तिच्या दारात आला. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला जे तळ्याच्या काठी केले, त्याची जातकुळी आणि या कामाची जातकुळी एकच आहे, असे म्हटले तर बाबासाहेबांचा अवमान होणार नाही अशी माझी समजूत आहे.

पुढचे पाऊल याहून अवघड होते. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात टिकेनात. तेव्हा आरोळ्यांनी गावागावांतून, गावानेच निवडलेल्या बायका घेतल्या. पुष्कळशा निरक्षर, बऱ्याच दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्यांना बाळंतपण, अतिसार, क्षयरोग, कुष्ठरोग, पोषण हे शिकविले. सर्व जातींच्या बायकांनी एकत्र राहायचे आणि एकत्र जेवायचे, हा शिक्षणाचाच भाग होता. पाठांतरापेक्षा अधिक वेळ लागला तो 'मला काही समजत नाही' हे त्यांच्या मनातून काढायला. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत. १९७६ पर्यंत हे प्रमाण ५२ वर आले. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्येच या कामाची दखल घेतली होती. १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा झाला त्यामागील विचारात जामखेडचा वाटा मानला जातो. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत आरोळे २०११ मध्ये निवर्तले. आरोग्यसेविका मात्र राहिल्या. अर्भकमृत्यूचे प्रमाण खाली येणे याचा आमच्या शास्त्रातील अर्थ असा की, आई आता मुलाच्या जगण्यावर भरवसा ठेवू लागते. मग ती कमी मुलांना जन्म देते आणि असलेल्यांना शाळेत घालते. येथे आशेचे रूपांतर चक्क अपेक्षेत झाले. जे मोजता येत नव्हते ते मोजता येऊ लागले.

अलीकडे आमच्या विषयातील संशोधकांनीही या प्रश्नाला हात घातला आहे. फिलिपीन्समध्ये अतिगरीब अशा सहा हजारांहून अधिक कुटुंबांवर ब्रायन, चोई आणि कार्लन यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एक ख्रिस्ती संस्था गरिबांना आरोग्य, उपजीविका आणि धर्ममूल्ये यांचे शिक्षण देत असे. संशोधकांनी धर्मशिक्षणाचा भाग वेगळा काढला आणि कोणत्या कुटुंबांना तो मिळावा हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविले. सहा महिन्यांनी पाहता ज्यांना धर्मशिक्षण मिळाले त्यांची धार्मिकता वाढली होती आणि उत्पन्नही वाढले होते. त्यामागे चिकाटी वाढल्याचे कारण असावे, असा संशोधकांचा कयास आहे. परंतु जीवनाविषयीचे समाधान वाढले नव्हते. उलट समाजात आपली आर्थिक पायरी कोणती, असे विचारल्यावर या कुटुंबांनी स्वतःला इतरांहून खालच्या पायरीवर दाखविले. एका अभ्यासावर इमला बांधू नये, आणि खर्च व मालमत्ता यांत लक्षणीय फरक आढळला नाही हेही नमूद केले पाहिजे. तरीसुद्धा हा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. अफूच्या सिद्धान्तानुसार घडावयास हवे होते ते याच्या नेमके उलट: उत्पन्न तेवढेच राहावे आणि समाधान वाढावे. येथे माणूस अधिक कमावू लागला आणि अधिक अस्वस्थ झाला. आपण जिथे आहोत तिथे आपण असता कामा नये, हे त्याला दिसू लागले असावे. पंपाचा दांडा दारात आल्यावर जामखेडच्या बाईला जे दिसले असेल तेच.

आशेच्या मर्यादा मात्र ओळखल्या पाहिजेत, आणि त्या ओळखण्यासाठी किल्लारीहून दूर जाण्याचे कारण नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले. चार वाजायला काही मिनिटे असताना दगडमातीच्या जाड भिंतींची माळवदे कोसळली आणि आठ-दहा हजार माणसे गेली. ज्यांना पक्के घर परवडले ते घराखालीच गाडले गेले, आणि कुडाच्या झोपडीत राहणारे पुष्कळसे वाचले. कोणत्याही धर्माच्या हिशेबवहीत हा हिशेब बसत नाही. मदतीला आलेल्या असंख्य संस्थांत ख्रिस्ती संस्थाही होत्या; त्यांनी तंबू दिले, घरे बांधली, ते चांगलेच झाले. पण त्या काळात निरनिराळ्या धर्मांचे असेही लोक फिरत होते की जे या संहारामागील ईश्वरी हेतू समजावून सांगत. बायबलमध्ये ईयोबाची कथा आहे. त्याची मुले, संपत्ती, आरोग्य सर्व जाते, तेव्हा त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसतात. आपल्याकडे दुःखाच्या घरी 'बसून येणे' म्हणतात, तेच हे. नंतर ते बोलू लागतात, त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागतात, आणि कथेच्या शेवटी ईश्वर रागावतो तो या कारणे सांगणाऱ्यांवर. ख्रिस्ती धर्मग्रंथातच ही कथा आहे, हे ख्रिस्ती प्रवचनकारांनी विसरू नये.

ईस्टरच्या कथेतही पहाटेची वेळ आहे. क्रुसावर मेलेल्या येशूच्या थडग्याकडे काही बायका सुगंधी द्रव्ये घेऊन निघाल्या आहेत. त्या आशेने निघालेल्या नाहीत. प्रेताचे उरलेले संस्कार करावयाचे आहेत म्हणून निघाल्या आहेत, आणि दारावरची धोंड कोण लोटील ही काळजी वाटेत बोलून दाखवीत आहेत. पुनरुत्थानावर विश्वास ठेवणे न ठेवणे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण घरात मरण झाले असताना सकाळी उठून करावयाचे काम करण्यास निघालेल्या बायका किल्लारीच्या पत्र्यांच्या वसाहतींत त्या वर्षी हजारो होत्या. चुली पेटत होत्या, पाण्याच्या रांगा लागत होत्या, शाळा तंबूत भरत होत्या. त्यांपैकी कोणाला 'आशा' हा शब्द सुचला असेल असे वाटत नाही.

राहिला प्रश्न चर्चच्या स्वतःच्या वर्तनाचा. बाबासाहेबांच्या आक्षेपाचा पहिला भाग, म्हणजे जात पाठोपाठ आली हा, अद्याप पुरता खोडला गेलेला नाही. सोयरिकीच्या वेळी पूर्वाश्रमीची जात विचारणारी ख्रिस्ती कुटुंबे आहेत. शहरातील मिशनच्या शाळा नावारूपाला आल्या, पण खेड्यातील ख्रिस्ती मजुराच्या मुलाला त्यांत किती जागा मिळतात, याचा हिशेब त्या शाळांनी एकदा जाहीर करावा. जामखेडचे उदाहरण मिरविण्याचा अधिकार तो हिशेब दिल्यावर प्राप्त होतो.

आणि शासनाचेही काही देणे आहे. जातीचा जाच धर्म बदलल्याने संपत नाही, हे आपण शीख आणि बौद्ध यांच्या बाबतीत मान्य केले आहे. अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून अलग करावा, अशी शिफारस रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये केली. ती स्वीकारली गेली नाही. २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नासाठी आणखी एक आयोग नेमण्यात आला. निर्णय कोणत्याही बाजूने होवो, पण तो व्हावा. येत्या जूनमध्ये नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज पुन्हा भरले जातील, आणि त्यांत धर्माचा रकाना असेलच.